पूर्वज काढताना

निवडणूक जिंकली, गाडी आली, गावोगावच्या सप्त्यात काल्याच्या कीर्तनाआधी खांद्यावर शाल पडू लागली. आता साहेब, तुम्हाला पूर्वज लागणार. पण घाई नको. दख्खनच्या राष्ट्रकूट राजांनीही केली नव्हती. आठव्या शतकात दंतिदुर्गाने चालुक्यांचं राज्य घेतलं, तेव्हाच्या ताम्रपटांत यदूचा, म्हणजे कृष्णाच्या कुळाच्या मूळपुरुषाचा, पत्ता नाही. यदू आला नवव्या शतकात, आणि दहाव्यात तर त्याच कुळातल्या सात्यकीची शाखासुद्धा पक्की झाली. एकदम सगळं छापलं की जुना कागद आणि नवा कागद जुळत नाही, आणि कुणीतरी रिकामा प्राध्यापक दोन्ही शेजारी ठेवतो.

मूळगाव लांबचं धरा. राष्ट्रकूट बसले मान्यखेटला, बिरुद 'लट्टलूरपुरवराधीश्वर', म्हणजे आपल्या लातूरचे. यादव देवगिरीवर, बिरुद 'द्वारावतीपुरवराधीश्वर'. द्वारकेत फेरफार बघायला कोण जातंय? वंशावळ लिहायला कवी नको, कचेरीतला माणूस हवा. हेमाद्री रामदेवरायाचा श्रीकरणाधिप, म्हणजे कचेरीचा मुख्य अधिकारी होता. त्याच्या 'व्रतखंड' ग्रंथात यादवांचं घराणं थेट चंद्रापासून निघतं.

एवढं करूनही भागलं नाही, तर जन्मच पुन्हा घ्या. दंतिदुर्गाने उज्जैनला हिरण्यगर्भ, म्हणजे सोन्याच्या भांड्यातून पुन्हा जन्मायचा विधी, केल्याचं संजानचा ताम्रपट सांगतो. गुर्जर राजाला दाराशी प्रतिहारी म्हणून उभं केलं, हेही. मापं मत्स्यपुराणात आहेत: सोन्याचं भांडं 72 अंगुळं उंच, रुंदी त्याहून तिसऱ्या हिश्शाने कमी. आपल्या हिशेबाने साडेचार फूट बाय तीन. आत तूप आणि दूध. यजमानाने आत बसायचं, डोकं गुडघ्यांत घालायचं, पाच श्वास थांबायचं. तोवर बाहेर गर्भाधान, पुंसवन, सीमंतोन्नयन उरकतात. बाहेर आलात की देह दिव्य. तीन फुटांत पोट मावतं का, ते आदल्या दिवशी पत्र्याच्या टाकीत बसून पाहा. भांडं घरी परत येत नाही, सोनं पुरोहितांत वाटलं जातं. मुलाम्याचा विचार सोडा; दिव्य देहावर गुरुजी विश्वास ठेवतील, सोन्यावर ठेवणार नाहीत.

हे परवडत नसेल तर सोयरीक. खिलाफत 1924 मध्ये गेली, तरी 1931 मध्ये निजामाने शेवटच्या खलिफाची मुलगी दुर्रुशहवार सून करून आणली. उपाय चांगला, मुदत कमी. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य गेलं; त्या तारखेला झेंडावंदन कशाचं होतं, ते शाळेतल्या पोराला विचारा.

शेवटी दानपत्र. तांब्याचे तीन पत्रे घ्या, कडा जरा उचलून ठेवा, नाहीतर घासून अक्षरं जातात. भोक पाडून कडी घाला, कडीवर गरुडाची मुद्रा. मजकुराच्या तळाशी शापाचा श्लोक हवाच: जमीन हिरावून घेणारा साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होतो. श्लोक आधी नीट वाचा मात्र. त्यात 'स्वदत्तां परदत्तां वा' असं आहे, म्हणजे दुसऱ्याने दिलेली जमीनही आली. देवस्थानाच्या इनामी रानात तुमच्या पोराचं प्लॉटिंग चालू असेल, तर तेवढी ओळ फ्लेक्सवर घेऊ नका.