परदेशातून: चढणीच्या माशांना पंधरा दिवस

जूनच्या पहिल्या आठवड्यात गावाहून चुलतभावाने व्हिडिओ पाठवला. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला आमचा ओहोळ तांबड्या पाण्याने फुगलेला, मळ्यात गुडघाभर पाणी, बॅटरीच्या उजेडात कोयत्या घेऊन उभी चार-पाच मुलं, आणि शेवटी अर्धं पोतं मासे. सगळे चढणीचे, म्हणजे अंडी घालायला ओहोळ चढून येणारे; पोटं गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, टम्म. मी लिहिलं, "अंडी घालून होईपर्यंत थांबला असतात तर?" लगेच उत्तर आलं, "दादा, तुम्ही तिथे धरलेला मासा परत पाण्यात सोडता. सोडायचाच तर धरता कशाला? आमच्याकडे मासा हुमणात, आमटीत जातो."

प्रश्न रास्त आहे. एका ओळीत उत्तर देता येईना, म्हणून हे लिहितोय.

इथे इंग्लंडमध्ये, स्विंडनला आल्यावर दुसऱ्या वर्षी मी कोट वॉटरच्या काठावर जाऊ लागलो. 1822 मध्ये कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला हा जुना तलाव आहे. गावी चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची काठी, दोरा आणि गांडूळ एवढ्यावर माझं बालपण गेलं होतं, त्यामुळे गळ टाकायला शिकावं लागेल असं वाटलं नव्हतं. कार्पने ते शिकवलं. आपले रोहू-कटला याच्याच गणगोतातले, पण हा मासा फार सावध. तो तोंडाने तळ चोखत जातो, खाणं आत ओढतो आणि काही खुपलं तर क्षणात थुंकून टाकतो. म्हणून इथे आमिष गळावर लावतच नाहीत. गळाच्या मागे केसासारखा बारीक दोरा सोडतात आणि आमिष त्याला ओवतात. मासा आमिष ओढतो, मोकळा गळ मागोमाग तोंडात जातो, आणि थुंकताना खालच्या ओठात रुततो. ही युक्ती 1980च्या सुमारास रूढ झाली आणि कार्पची शिकारच बदलली.

आमिष म्हणजे बॉयली. मासळीची पूड, रवा आणि अंडी मळून केलेल्या गोळ्या, उकडून घेतलेल्या. उकडल्याने वर कडक साल येते आणि बारकी मासळी त्या कुरतडू शकत नाही. नवशिक्याने मात्र डब्यातल्या मक्याच्या दाण्यांपासून सुरुवात करावी, मी तेच केलं. टायगर नट नावाचं कंदासारखं दाणंही कार्पला फार आवडतं, पण ते चण्यांसारखं दिवसभर भिजवून, मग अर्धा तास उकडूनच वापरायचं. कच्चं टाकलं तर माशाला अपाय होतो. पाणी थंड झालं की कार्पची भूक मंदावते, तेव्हा मूठभर टाकण्याऐवजी चार दाणे पुरतात.

पहिला मोठा कार्प मला ऑगस्टमध्ये पहाटे तीनला लागला. काठीला लावलेला अलार्म किंचाळला, रीळ सुटलं, मासा पाणवनस्पतींकडे धावला. पंधरा मिनिटांनी जाळीत आला तेव्हा चौदा पौंड भरला, म्हणजे सहा किलोंहून जास्त. ओल्या गादीवर ठेवून गळ काढला, ओठावरच्या जखमेला औषध लावलं आणि दोन्ही हातांनी धरून पाण्यात उभा राहिलो. त्याने शेपटी हलवली आणि गेला. वडील असते तर म्हणाले असते, "अरे, दोन दिवसांचं हुमण!" तेही चुकले नसते.

आता भावाच्या प्रश्नाकडे. मासा सोडून देण्याची रीत गोव्यात आणा असं मी म्हणत नाही. आपल्याकडे मासा शीतकडीसाठी धरतात, आणि धरावा. इथले लोक कार्प सहसा खात नाहीत, तोच मासा वर्षानुवर्षं पुन्हा धरतात, खवल्यांवरून ओळखतात, नाव ठेवतात. तो त्यांचा छंद. मला इथून घ्यावंसं वाटतं ते वेगळंच आहे.

इंग्लंडच्या नद्यांत 15 मार्च ते 15 जून कार्पसारख्या माशांवर गळ टाकता येत नाही, कारण तो अंडी घालण्याचा काळ. तेरा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला परवाना लागतो, नसेल तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड. 16 जूनला नद्या खुल्या होतात. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे पहिल्या पावसाच्या पाण्याबरोबर खवळे, शेंगटी अंडी घालायला ओहोळ चढतात. इथे पिल्लं पाण्यात सुटलेली असतात, तिथे आया पोत्यात.

गोव्याच्या समुद्रात 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक होड्यांना बंदी असते आणि तिच्यावर दरवर्षी वाद होतो. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरही होतो, आणि व्हायलाच हवा. म्हादई नदीच्या पाणीवाटपावर लवादाने 2018 मध्ये निवाडा दिला, त्यावर तर घराघरांत बोलतात. पण त्या नदीला मिळणाऱ्या ओहोळांत ब्लीचिंग पावडर टाकून, विजेचा शॉक देऊन मासे मारतात, त्याबद्दल कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही. पाणी आपलं म्हणायचं आणि त्यात राहणाऱ्याला वाऱ्यावर सोडायचं, याने मला त्रास होतो.

डर्बीच्या एका गळवाल्या मंडळींच्या क्लबने नदी नासवणाऱ्या कारखान्यावर, नगरपालिकेवर आणि वीजखात्यावर खटला भरला होता. सांडपाण्याने आणि गरम पाण्याने मासे मरत होते. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला अपील न्यायालयानेही क्लबच्या बाजूने निकाल दिला. रोज पाण्याकडे बघत बसणाऱ्यांनी ते केलं. आपल्याकडेही काठावर बसणारे कमी नाहीत. डोहाचा रंग कधी बदलला, कुठला मासा दिसेनासा झाला, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असतं?

चढणीचे मासे मीही खाल्लेत. आईने तव्यावर परतलेली गाबोळी अजून जिभेवर आहे. म्हणून पूर्ण बंदी मागत नाही. पहिला ओहोळ वाहू लागल्यापासून पंधरा दिवस रात्रीची कोयती आणि जाळं घरी ठेवायचं, आणि ब्लीचिंग-शॉक बारा महिने बंद, एवढंच गावाने आपापसात ठरवावं. सरकारच्या परिपत्रकाची वाट बघायला नको, आमच्या वाड्यावर पंचवीस घरं आहेत.

काल भावाला फोन केला. आधी चिडला होता. मग म्हणाला, वरच्या कोंडीत तीन वर्षं खवळा दिसला नाही. पुढच्या जूनला मी रजा काढून येतोय. पंधरा दिवस रात्री मळ्याच्या बांधावर बसू, असं दोघांनी ठरवलंय. सोळाव्या दिवशी चिव्याची काठी तो तोडून ठेवणार आहे.