आग्वादचं दीपगृह आशियात सर्वांत जुनं? नाही

गोव्याच्या सहलीच्या फोटोंखाली हा मजकूर हमखास फिरतो: आग्वाद किल्ल्यावरचं जुनं दीपगृह आशियातलं सर्वांत जुनं, पोर्तुगीजांनी १६१२ साली बांधलेलं. आधी ते सात मिनिटांनी एकदा उजेड टाकायचं, १८३४मध्ये ती वेळ तीस सेकंदांवर आणली.

१६१२ हे साल किल्ल्याचं. डच आरमाराची धास्ती होती, मांडवीचं मुख राखायचं होतं, लांबून येणाऱ्या जहाजांना गोडं पाणी द्यायचं होतं, म्हणून तो बांधला. वरचा चार मजली मनोरा १८६४चा, म्हणजे अडीचशे वर्षांनी धाकटा. दोन्ही एकाच आवारात, त्यामुळे आजोबांचं वय नातवाला चिकटलं.

आता ‘सर्वांत जुनं’. आशिया राहू द्या, भारतातही ते पहिलं नाही. मद्रासला १७९६मध्ये सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या एका इमारतीच्या छपरावर दिवा लागला. १८४४मध्ये त्याच्याऐवजी उभारलेला दगडी खांब उच्च न्यायालयाच्या आवारात अजून पाहायला मिळतो. ओडिशातलं फॉल्स पॉइंट १८३८चं, सिंगापूरजवळच्या खडकावरचं हॉर्सबर्ग १८५१चं. लांब कशाला, आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर केरळातल्या आलप्पुळाचं दीपगृह १८६२चं, आग्वादपेक्षा दोन वर्षांनी थोरलं! काही जण सावधपणे ‘आपल्या प्रकारचं सर्वांत जुनं’ असं लिहितात. प्रकार कोणता, ते मात्र गुलदस्त्यात.

१८३४चं तर विचारूच नका. १८६४ साली बांधलेल्या दिव्याची वेळ तीस वर्षं आधी बदलली कशी? ही दोन्ही सालं शेजारशेजारच्या वाक्यांत छापलेली मी पाहिली आहेत, आणि लिहिणाऱ्याला काही खटकलेलं दिसत नाही. शतकाचा आकडा चुकला असावा, असा माझा तर्क. वेळ कमी करण्यामागचं कारण मात्र पटण्यासारखं आहे. रात्री खलाशी दिवा ओळखतो तो त्याच्या उघडझापीवरून. ताशी आठ सागरी मैलांनी चाललेलं जहाज सात मिनिटांत जवळजवळ एक मैल पुढे सरकतं. खडकाळ किनाऱ्यालगत एवढी वाट कोण पाहील?

आणि हो, रात्री आग्वादवरून फिरणारा झोत या जुन्या मनोऱ्याचा नव्हे. तो १९७६मध्ये निवृत्त झाला, काम शेजारच्या नव्या दीपगृहाकडे गेलं.

मनोऱ्यात एक मोठी घंटा आहे, असंही काही जण सांगतात. घंटेची गोष्ट खरी आहे. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन मठाची मोठी घंटा काही काळ आग्वादला होती. पण ती मनोऱ्यात शोधू नका. १८७१पासून पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये आहे.