कंडेन्सर आणि तेलाचा थेंब राहूनच गेला
सूक्ष्मदर्शकांवरच्या तुमच्या लेखात त्यांची तुलना फक्त ‘किती पट मोठं दिसतं’ यावर केलीय, ते पटलं नाही. दोन जवळचे बिंदू वेगळे दिसतात का, हे जास्त महत्त्वाचं. बिंदू किती जवळ असले तरी वेगळे दिसू शकतात, याची मर्यादा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट अ‍ॅबे यांनी १८७३ मध्येच मांडली. दृश्य प्रकाशात ती साधारण ०.२ मायक्रोमीटर. त्यापुढे नुसतं विशालन वाढवलं तर चित्र मोठं होतं, तपशील तेवढाच राहतो. १०० पटींच्या वस्तुभिंगाखाली (नमुन्याजवळच्या भिंगाखाली) तेलाचा थेंब टाकतात तो जास्त तपशील मिळावा म्हणूनच. तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचं माप) काचेच्या जवळपास, १.५१५ च्या आसपास असतो, त्यामुळे तिरपे किरण हवेत निसटून न जाता थेट भिंगात शिरतात. आणि कंडेन्सरबद्दल, म्हणजे नमुन्यावर प्रकाश एकवटणाऱ्या भिंगांबद्दल, एक ओळ तरी हवीच होती! त्याचा डायफ्रॅम (प्रकाशाची वाट लहान-मोठी करणारा पडदा) गरजेपेक्षा जास्त मिटला की उत्तम भिंगातूनही बारकावे हरवतात.