टार्गेट रिव्हॉल्वर घेतलं, त्याबद्दल थोडं

रिव्हॉल्वर घेतलं म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, "कुणी धमकी दिली का रे?" आणि दुसरा, "प्लॉटिंगच्या धंद्यात उतरलास का?" तर नाही मंडळी. हे स्पर्धेचं हत्यार आहे. मॅन्युऱ्हिन एमआर ३२ मॅच, फ्रेंच बनावटीचं, पॉइंट ३२ बोअर. एका ज्येष्ठ नेमबाज काकांनी खेळणं थांबवलं, म्हणून रीतसर त्यांच्या परवान्यावरून माझ्या परवान्यावर आलं. मधल्या कागदपत्रांबद्दल लिहीत नाही, बीपी वाढतं. फोटोही टाकणार नाही. हत्यारं नाचवणाऱ्या रील्स या शहरात आधीच उदंड झाल्यात.

बालेवाडीच्या रेंजवर ते बाहेर काढलं तेव्हा शेजारच्या लेनमधला पोरगा म्हणाला, "सर, हे अजून चालतं?" चालतं बाबा. २५ मीटर सेंटर फायर या पिस्तूल स्पर्धाप्रकारात नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नको, वजन १४०० ग्रॅमच्या आत हवं आणि ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा हवा, एवढं पाळलं की रिव्हॉल्वरला कुणी अडवत नाही.

आणि ट्रिगर काय आहे महाराजा! हे सिंगल अ‍ॅक्शन आहे, म्हणजे प्रत्येक गोळीला अंगठ्याने मागचा घोडा (हॅमर) चढवायचा. त्यानंतर ट्रिगर जरासुद्धा सरकत नाही, फरफटत नाही. वजन बोटावर येत राहतं आणि नेमकं कधी सुटलं ते बोटालाही कळत नाही. ऑटोमॅटिक पिस्तुलावर ट्रिगर ओढतानाचा माझा जो झटका झाकला जायचा, तो इथे माशीच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेच्या, हालचालीत लख्ख दिसतो.

सिलिंडरला खण सहा, पण सिरीज पाच गोळ्यांची. रिकामा खण घोड्याखाली ठेवून सिलिंडर बंद करायचं, म्हणजे घोडा चढवला की पहिलं भरलेलं काडतूस समोर येतं. सिरीज संपली की काडतुसांच्या रिकाम्या केसेस एका दाबात तळहातावर. ऑटोमॅटिकने उडवलेल्या केसेससारखं शेजाऱ्याच्या टेबलाखाली वाकून शोधायला नको, हे सुख वेगळंच.

आता कुरकुर. स्पर्धेचे टप्पे दोन, प्रिसिजन आणि रॅपिड. प्रिसिजनमध्ये पाच गोळ्यांना पाच मिनिटं असतात, तिथे हे कुठल्याही महागड्या पिस्तुलाच्या तोडीस तोड आहे. रॅपिडमध्ये मात्र दर गोळीला टार्गेट तीन सेकंद दिसतं आणि सात सेकंद तोंड फिरवतं. त्या सातात घोडा चढवायला वेळ पुरतो, प्रश्न वेळेचा नाहीच. अंगठा वर गेला की पकड मोडते, आणि ती पुन्हा तशीच बसेल याची खात्री नाही. माझे गुण तिथेच गळतात. ऑटोमॅटिकवाल्याची पकड पाचही गोळ्यांना हलत नाही, तेव्हा रॅपिडमध्ये रिव्हॉल्वर मागे पडणार हे उगाच नाकारण्यात अर्थ नाही. नेमबाज जसपाल राणांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच सेंटर फायरमध्ये, दोन्ही टप्पे मिळून, ६०० पैकी ५९० मारून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. ते आठवून माझा स्कोअर इथे देत नाही.

काडतुसांचं रडगाणं जुनंच. वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाच्या गोळीचं काडतूस, टार्गेटच्या कागदाला असं भोक पाडतं, की जुन्या पीएमटीच्या कंडक्टरने तिकीट पंच केल्यासारखं. गोल तोंडाची गोळी कागद फाडते, आणि रेघेवरचा शॉट असला की नऊ की दहा यावर वाद सुरू. पण चांगलं वॉडकटर मिळवायचं म्हणजे ओळखी, उधारी आणि चिकाटी. इतके पैसे हत्यारात घालायचे आणि सरावाला गोळ्या मोजून वापरायच्या, हे काही मला पटत नाही. तरीही विकणार का? मुळीच नाही. प्रिसिजनसाठी हेच, रॅपिडचं पुढे बघू.

एक काम मात्र आहे. अक्रोडाची मूठ काकांच्या रुंद पंजासाठी कोरलेली आहे. अंगठ्याच्या खळगीत माझा अंगठा अक्षरशः पोहतो आणि तळवा टेकवायचा मुठीचा कट्टा बोटभर खाली राहतो. पुण्यात किंवा कोल्हापुरात नेमबाजीच्या मुठी घडवणारा कुणी चांगला कारागीर माहीत असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. फेव्हिकॉल आणि लाकडाच्या भुशाचे सल्ले नकोत, ते रेंजवर भरपूर मिळालेत.