जुनी रायफल आणि परवाना: खुलासा

ठाण्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘शंभर वर्षांहून जुनी एकबारी रायफल ठेवायला, वाजवायला परवाना लागत नाही.’ हे चुकीचं आहे. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 45 मधली सूट वयावर नाही. कालबाह्य किंवा पुरातन मोलाचं शस्त्र, दुरुस्त करून वा तसंच, बंदूक म्हणून वापरताच येत नसेल तरच ती मिळते.

1871 ची मार्टिनी-हेन्री रायफल घ्या. खालचा दांडा ओढला की नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा खाली झुकतो, एकच काडतूस आत सरकतं. सुंदर यंत्र! पण नळी बदलून, चाप हलका करून बार काढता येत असेल, तर नुसती ठेवायलाही परवाना हवाच, काडतुसांसाठीही. बदल करणाऱ्या कारागिरालाही वेगळा परवाना लागतो. आजोबांची रायफल माळ्यावर सापडली, तर कळकळीनं सांगतो, आधी आपल्या पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेला विचारा. ठाणे आणि नवी मुंबईची आयुक्तालयं वेगळी आहेत.