‘युद्ध सगळ्यांनाच सारखे भरडते’ या प्रतिक्रियेला उत्तर

युद्धातून बाहेर पडू न शकलेल्या मुलांविषयी आणि अपंगांविषयी मी लिहिलेल्या ‘मागे राहणारे’ या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोन दिवस बाजूला ठेवली होती, कारण रागाच्या भरात उत्तर देऊ नये असे मला वाटते. राग पुरता गेलेला नाही, तरीही लिहितो. आपले मुख्य वाक्य असे आहे : ‘युद्ध सगळ्यांनाच सारखे भरडते, बॉम्ब माणूस पाहून पडत नाही, मग मुलांचे आणि अपंगांचे हे वेगळे रडगाणे कशाला?’

आधी माझी चूक. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये संमत झाला असे मी लिहिले होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला आणि ३ मे २००८ पासून तो लागू झाला. दुरुस्ती केली आहे, आपले आभार. मात्र चूक दाखवायला एक ओळ पुरली असती. पुढच्या तीन ओळी आपण माझी लायकी काढण्यात घालवल्या, आणि त्या मला लागल्या.

‘रडगाणे’ हा शब्दही लागला. मत पटले नाही तर ‘पटले नाही’ असे म्हणता येते. जे स्वतःचे गाऱ्हाणे मांडायला येथे येऊ शकत नाहीत, त्यांच्या हालांना हा शब्द लावताना आपला हात जरासुद्धा अडखळला नाही का?

बॉम्ब माणूस पाहून पडत नाही, हे खरे. पण भोंगा वाजतो तेव्हा बहिऱ्या माणसाला तो ऐकू येत नाही. तळघरात जायला जिना असतो. बस भरते तेव्हा चाकाची खुर्ची सामानात धरली जाते आणि सामान न्यायचे नाही असे ठरले की ती रस्त्यावरच राहते. न्युजीन मुस्तफा या सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर पुरता ताबा न राहण्याची अवस्था) असलेल्या मुलीचे कुटुंब अलेप्पोत लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर राहत होते. २०१५ मध्ये ती सीरियातून जर्मनीला पोहोचली ती खुर्ची ढकलणारी बहीण बरोबर होती म्हणून. एप्रिल २०१९ मध्ये ती सुरक्षा परिषदेपुढे बोलली, आणि त्याच वर्षी २० जूनला परिषदेने सशस्त्र संघर्षातील अपंगांविषयीचा आपला पहिला ठराव, क्रमांक २४७५, संमत केला. वेढा पडलेल्या भागातून जखमी, आजारी, दुर्बल, वृद्ध आणि मुले यांना बाहेर काढण्यासाठी लढणाऱ्या पक्षांनी आपसांत समझोते करण्याचा प्रयत्न करावा, असे १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे १७ वे कलम सांगते. सगळे सारखेच भरडले जात असते, तर हे कलम लिहिण्याची गरज कोणाला भासली असती?

हे सारे मी कागदावरून शिकलो असे आपण गृहीत धरले आहे, म्हणून घरचे सांगतो. माझी थोरली बहीण जन्मापासून बहिरी आहे. आम्ही लहान असताना एका रात्री पुराचा इशारा आला, तो ध्वनिक्षेपकावरून. आम्ही सगळे अंधारात धावत सुटलो, आणि ती दुसऱ्या कोणाबरोबर असेल असे प्रत्येकाला वाटले. वडील परत गेले तेव्हा ती गुडघाभर पाण्यात उभी राहून आमच्या तरंगणाऱ्या चपला गोळा करत होती. घर रिकामे का झाले, हे तिला कळलेच नव्हते. तो पूर होता, युद्ध नव्हते. पण मागे कोण राहते हे मला त्या रात्रीपासून ठाऊक आहे.

पुढे मी कृत्रिम पाय बसवण्याचे काम शिकलो आणि १९ वर्षे तेच करतो आहे. मोठ्या माणसाला तोच पाय तीन-चार वर्षे पुरतो. वाढत्या मुलाचा मात्र साधारण दर सहा महिन्यांनी पाहावा लागतो, कारण मूल वाढते आणि पाय तेवढाच राहतो. कापलेल्या जागी हाडाचे टोकही वाढून आतून कातडीला टोचू लागते, आणि कित्येकदा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. युद्धातून निसटलेला नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. तीन ठिकाणे बदलण्यात त्याची दोन वर्षे गेली होती आणि तेवढ्या काळात पायाला कोणी हात लावला नव्हता. त्याच्या आईने टाचेखाली जुन्या टायरचे तुकडे एकावर एक चिकटवून उंची वाढवली होती. सॉकेट, म्हणजे कापलेल्या पायाचा खुंट ज्यात बसतो ती कृत्रिम पायाची वाटी, काढले तेव्हा खालची कातडी सोललेली होती, आणि तो कमरेतून इतका एका अंगाला झुकला होता की पायाआधी त्याच्या पाठीची काळजी करावी लागली. बॉम्बने त्याचा पाय एकदाच नेला. पाठ वाकली ती विस्थापनाच्या दोन वर्षांत. आता सांगा, हे ‘सारखे’ कोठे बसते?

आपले बाकीचे मुद्दे थोडक्यात. मुले लवकर विसरतात, हे आपण एखाद्या मुलाशेजारी रात्र काढून मग म्हणावे. ‘अपंग’ म्हणावे की ‘दिव्यांग’, या वादात मला आत्ता रस नाही. निधी अपुरा असताना आधी कोणाला द्यावा, हा प्रश्न या लेखाचा नव्हता. मी मूठभरांसाठी गळा काढतो असे आपण म्हणता. २०२३ च्या अखेरीस जगात ११ कोटी ७३ लाख माणसे बळजबरीने विस्थापित झालेली होती आणि त्यांतली सुमारे ४० टक्के मुले होती, हे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचे आकडे आहेत. मूठ बरीच मोठी आहे.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. सन दुरुस्त केला आहे. शीर्षक भडक आहे, ते बदलावे, ही सूचना मात्र मान्य नाही. पाण्यात चपला वेचणाऱ्या बहिणीवरून मला ते सुचले आहे, आणि तिला विचारल्यावरच मी ते लेखाला दिले.