'जुन्या खोडा'कडून उत्तर

कोडमध्ये कॉमेंट, म्हणजे वाचणाऱ्या माणसासाठी टिपा, लिहाव्यात या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा चहा पिताना, एकदा चहा गार झाल्यावर. 'चांगल्या कोडला कॉमेंट लागत नाहीत, हे जुन्या खोडांचे चोचले आहेत काका,' असं तुम्ही म्हणता. मत असायला हरकत नाही. पण 'चोचले'?

आधी चूक कबूल करतो. लेखातल्या जावाडॉकच्या (जावा कोडमधल्या कॉमेंटवरून माहितीची पानं बनवणाऱ्या टूलच्या) उदाहरणात कॉमेंटच्या सुरुवातीला एकच तारा (*) पडला होता. तिथे दोन लागतात, नाहीतर ते टूल त्या मजकुराकडे ढुंकूनही बघत नाही. दुरुस्त केलंय, आभार.

आता खोडाबद्दल. मी 2004 पासून दुसऱ्यांचा कोड निस्तरतोय. पहिल्याच नोकरीत एका रिपोर्टमध्ये वेळेत 19800 मिळवलेले दिसले. शेजारी कॉमेंट काय, तर '19800 मिळवा'. बस्स! टेस्टिंगचं काहीतरी राहून गेलं असेल समजून मी ती ओळ उडवली. दुसऱ्या दिवशी रात्रपाळीच्या बारा ते साडेपाचच्या सगळ्या नोंदी आदल्या तारखेत. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे 19800 सेकंद. साहेबांनी सगळ्यांसमोर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तुम्ही म्हणाल, आकड्याला नीट नाव दिलं असतं तर? तर तो आकडा कसला आहे ते कळलं असतं. पण ही भर याच रिपोर्टमध्ये का, थेट डेटाबेसमध्ये का नाही? कारण दुबईची शाखा त्याच टेबलात लिहायची, म्हणून तिथे यूटीसीच ठेवायचं ठरलं होतं. हे कुठल्या व्हेरिएबलच्या नावात बसवणार? बसवून दाखवा, मी लेख मागे घेतो. दुसऱ्याचा कोड रात्री अडीचला उघडायची वेळ तुमच्यावर अजून आलेली दिसत नाही.

पेप 8 चा, म्हणजे पायथन भाषेत कोड कसा लिहावा याच्या नियमावलीचा, दाखला तर तुम्ही अर्धाच दिलात. कोडशी न जुळणारी कॉमेंट नसलेल्या कॉमेंटपेक्षा वाईट, हे तिथे आहेच. पण लगेच पुढच्या वाक्यात, कोड बदलला की कॉमेंट आवर्जून अद्ययावत ठेवा, असंही आहे. ते वाक्य दिसलं नाही की सोयीचं नव्हतं?

तुमचे बाकीचे मुद्दे पुन्हा कधीतरी.

आणि 'काका' कशाला? आपली ओळखसुद्धा नाही.